तांब्याचा जाड दोर : घणापासून सेल्फस्टार्टरपर्यंत

तांब्याविषयी लिहावयास बसले की आपल्याकडे ताम्रपटापासून आरंभ करण्याची चाल आहे, आणि ती अयोग्य म्हणता येणार नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत. हे लत्तलूर म्हणजे आपले लातूर होय, असे विद्वानांनी मानले आहे. त्यांची दानपत्रे बहुधा तीन पत्र्यांची असतात. पत्रे एका कडीत ओवलेले व कडीवर राजमुद्रा. त्यांवरील अक्षरे वाचण्यात पंडितांनी आयुष्ये वेचली. दान कोणी दिले, कोणास दिले, कोणता गाव दिला, हे सारे त्यातून कळले. परंतु पत्रा कोणी ठोकला, तो दोन्ही अंगांनी सारखा कसा केला आणि लेखणीऐवजी टाकी चालावी इतपत मऊ कसा राखला, हे विचारण्याची गरज क्वचितच कोणास वाटली. तांबटाचा हात इतिहासात असा नेहमी पत्र्याखाली झाकला जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय ताम्रपट नाही. आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या माणसांच्या वाढोण्यात, श्रीपरमेश्वराच्या देवळापासून बसस्थानकापर्यंत जी शेकडो वाहने रोज चालू होतात, त्या प्रत्येकाच्या पोटात अंगठ्याएवढा जाड एक तांब्याचा दोर असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाणारी ती केबल. तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती काळ्या किंवा लाल आवरणात असते, तेलाने माखलेली असते, आणि गाडी सुरळीत चालू होत आहे तोवर ती आहे याची जाणीवही मालकास नसते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावर उपजीविका केली, त्याच्या स्मरणिकेत घंगाळे, हंडे, बंब व देवळाच्या कळसांविषयी लिहिले जाणे स्वाभाविकच आहे. पण मागील शंभर वर्षांत तांबे आपल्या हातून निघून कोठे गेले, याचे उत्तर शोधू गेल्यास ते बरेचसे तारेत सापडते, व त्या तारेच्या सर्वांत जाड बांध्याचा शोध घेता घेता आपल्या जुन्या हत्यारांच्या खुणा अनपेक्षित ठिकाणी दिसू लागतात. म्हणून हा खटाटोप.

दख्खनच्या पठारावर तांबे फार जुने. संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या. दायमाबादची सुप्रसिद्ध धातुशिल्पे १९७४ साली हाती आली. मात्र इतका मागचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. आपल्या कामासाठी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी तांबटाच्या दुकानातल्याच आहेत.

तांबे ठोकले की कडक होते. ठोकतच राहिले तर शेवटी चिरते. म्हणून कारागीर मधून मधून ते भट्टीत लाल करून पाण्यात बुडवितो. लोखंडाशी ज्याचा व्यवहार आहे त्याला हे विपरीत वाटेल, कारण तापलेले पोलाद पाण्यात बुडविले तर ते अधिकच कठीण होते. तांबे मात्र मऊच राहते. दुसरी गोष्ट कल्हईची. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील पसरावयाचे, म्हणजे आंबट पदार्थाने तांबे कळकत नाही. तिसरी गोष्ट मोडीची. जुनी फुटकी भांडी वजनावर घ्यावयाची, वितळवावयाची आणि त्यांतून नवे भांडे घडवावयाचे, हा धंद्याचा नित्यक्रम. त्या मोडीत डागाचे शिसे व कल्हईचे कथील उतरलेले असे. पण भांड्याला त्याने फारसे बिघडत नसे. चौथी गोष्ट तार ओढण्याची. भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून, जिला आपल्याकडे जंत्री म्हणतात, सळई एकापेक्षा एक लहान भोकातून ओढीत न्यावयाची. सोनार हे काम करी, तारकशी करणारे करीत, पैठणीच्या जरीसाठीही अशीच तार लागे.

या चारही गोष्टी आता मोटारीच्या केबलमध्ये पुन्हा भेटतील, आणि त्यांतली मोडीची गोष्ट आपल्या विरुद्ध बाजूने भेटेल.

जंत्रीपासूनच प्रारंभ करू. तारेची जाडी सांगताना ‘गेज’ हा शब्द वापरतात व त्यात आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, याचे नवख्यास नवल वाटते. परंतु तार ओढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यात नवल काही नाही. तार जितक्या अधिक भोकांतून ओढली तितका तिचा क्रमांक वाढला आणि तितकी ती बारीक झाली. इंग्लंडात निरनिराळ्या गावांची निरनिराळी मोजणी होती. १८८४ साली कायद्याने एक प्रमाण गेज ठरले. जाड तारा शून्याच्या वर चढू लागल्या तेव्हा ‘दोन शून्य’, ‘चार शून्य’ अशी नावे आली. आपल्या देशात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि केबल हळूहळू चौरस मिलिमीटरवर मोजली जाऊ लागली. तरी अमेरिकन मापाची ‘दोन शून्य’ ही केबल आणि आपली ७० चौरस मिलिमीटरची केबल या जवळजवळ एकच, हे सांगून ठेवणे उपयोगाचे.

आता मोडीचा प्रश्न. तांब्यातून वीज कशी वाहते याची खरी चौकशी प्रथम तारायंत्रामुळे झाली. ओहमचा नियम १८२७ पासून पुस्तकात होता. पण बाजारात मिळणारे तांबे सगळे सारखे नसते हे लोकांस महाग पडून कळले. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकावयाच्या केबलची तयारी चालू असता, १८५७ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले, वेगवेगळ्या कारखान्यांच्या तांब्याच्या तारा तपासल्या. दिसावयास सारख्या असणाऱ्या त्या तारांच्या वहनक्षमतेत मोठी तफावत आढळली. कारण भेसळीचे होते, आणि तेही अत्यल्प भेसळीचे. तांब्यात शेकडा एक दशांश भाग फॉस्फरस मिसळला तर त्याची वहनक्षमता जवळजवळ निम्म्यावर येते! भांड्याच्या दृष्टीने उत्तम असलेले तांबे तारेच्या दृष्टीने टाकाऊ ठरू शकते, ही गोष्ट तोवर जगात कोणत्याच तांबटाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याचा ग्राहक पाणी तापवीत होता. त्यास वीज वाहून न्यावयाची नव्हती.

या अडचणीतून मार्ग काढला तो इंग्लंडच्या जेम्स एल्किंग्टनने. विजेच्याच साहाय्याने तांबे शुद्ध करण्याच्या त्याच्या पद्धतीचे पेटंट १८६५ चे. अशुद्ध तांब्याचा जाड पत्रा मोरचुदाच्या द्रवात टांगावयाचा, वीज सोडावयाची, आणि समोरच्या पातळ पत्र्यावर शुद्ध तांबे चढू द्यावयाचे. वीज वाहून नेण्यास लागणारे तांबे अशा रीतीने विजेनेच निर्माण केले. पुढे १९१३ मध्ये शुद्ध व तापवून मऊ केलेल्या तांब्याची वहनक्षमता शंभर धरून सर्व राष्ट्रांसाठी एक प्रमाण निश्चित झाले. ‘तापवून मऊ केलेले’ हे शब्द त्या प्रमाणाच्या नावातच आहेत. ठोकून किंवा ओढून कडक झालेले तांबे त्या मोजणीत दोन-तीन अंशांनी मागे पडते. भट्टी आणि पाणी यांचे महत्त्व प्रयोगशाळेने असे मान्य केले.

तथापि मोटारीस या जाड तांब्याची गरज आरंभी नव्हतीच. पहिल्या मोटारी हँडल मारून चालू होत. समोरच्या छिद्रात वाकडा दांडा घालून इंजिन हातानेच फिरवावे लागे, आणि ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देई. मनगटे मोडत, कोपर निखळे. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीत धरू नये, हा पाठ जुने ड्रायव्हर क्लीनरला पहिल्या दिवशी देत असत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियराने १९११ मध्ये यावर विजेचा उपाय सिद्ध केला व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो बसविला गेला. हे गृहस्थ त्यापूर्वी दुकानातील रोकड मोजणाऱ्या यंत्राच्या कारखान्यात होते. गल्ल्याचा खण विजेने उघडावा म्हणून त्यांनी एक लहानशी मोटर बसविली होती. ती क्षणभरच चालावयाची असल्याने तिच्याकडून तिच्या बेताबाहेरचे काम घेता येते, हे तेथे त्यांच्या ध्यानात आले. हाच विचार त्यांनी इंजिनास लावला. सेल्फ ही लहानशी मोटर दोन-चार सेकंद भीमाचे बळ दाखविते आणि थांबते. तेवढ्या दोन-चार सेकंदांत बॅटरीतून तिच्याकडे जो विजेचा लोंढा जातो, त्याला वाट देण्यासाठी ही जाड केबल.

लोंढा हा शब्द अतिशयोक्तीचा वाटू नये. घरातील दिव्यास अँपियरचा अंशभाग पुरतो. मोटारीचा सेल्फ शे-दोनशे अँपियर घेतो, आणि डिझेलच्या मोठ्या इंजिनास चारशे किंवा त्याहून अधिक लागतात. थोडा हिशोब करून पाहू. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंत व परत असा चार मीटरचा मार्ग धरला आणि केबल ७० चौरस मिलिमीटरची असली, तर सगळ्या मार्गाचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाएवढा भरतो. त्यातून ४०० अँपियर गेले तर वाटेत सुमारे ०.४ व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टांच्या बॅटरीस हा तोटा सोसवतो. आता त्याच जागी १० चौरस मिलिमीटरची तार लावली असे समजा. तितकाच प्रवाह तिच्यातून ढकलावयाचा म्हटल्यास पावणेतीन व्होल्ट वाटेतच नाहीसे होतील, आणि त्या तारेत सुमारे अकराशे वॅट उष्णता निर्माण होईल; म्हणजे विजेच्या इस्त्रीएवढी. प्रत्यक्षात इतका प्रवाह त्या तारेतून जाऊच शकत नाही. सेल्फ कुंथतो, ‘कट’ असा आवाज करतो आणि गप्प बसतो. मालक म्हणतो बॅटरी उतरली. बॅटरी बदलतात, दोन दिवसांनी तेच. दोष तारेच्या जाडीत असताना बॅटरीवर पैसे घालणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

हाच हिशोब उलटा केला म्हणजे बॅटरीच्या व्होल्टांचा इतिहास उलगडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळशा अमेरिकन गाड्या सहा व्होल्टांच्या होत्या. महायुद्धातील विलीज जीपही तशीच. तेवढेच काम अर्ध्या व्होल्टांवर करावयाचे तर प्रवाह दुप्पट लागतो, म्हणून लहान गाडीसही जाड केबल घालावी लागे. बारा व्होल्ट आले तेव्हा प्रवाह निम्मा झाला. ट्रक-बसगाड्यांस चोवीस व्होल्ट आले तेव्हा आणखी निम्मा. तरीसुद्धा डिझेलच्या इंजिनापुढे केबलची जाडी काही घटली नाही, कारण डिझेलमध्ये हवा पेट्रोलच्या इंजिनापेक्षा सुमारे दुपटीने दाबावी लागते. जीपला हँडल मारून निभावे. डिझेलच्या ट्रकला ते माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे.

आपल्या भागात ही सारी हकीकत निजामी राजवटीच्या मार्गाने आली. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या व १६६ नोकर घेऊन स्वतःचे रस्ता वाहतूक खाते उघडले. सरकारी मालकीच्या बसवाहतुकीचा हा देशातील अगदी आरंभीचा प्रयोग होय, आणि त्या काळातील स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची एक बस हैदराबादेत जतन करून ठेवलेली आहे. हिमायतनगर मुदखेड–आदिलाबाद या लोहमार्गावर असल्याने येथील माणसाची पहिली ओळख रेल्वेशी; मोटार त्यानंतरची. पैनगंगेच्या काठची काळी जमीन, पावसाळ्यात चाकाच्या आरीपर्यंत चिखल, किनवटकडे जंगल. अशा मुलखात बैलगाडीचा अंमल बराच काळ टिकला यात आश्चर्य नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ पासून मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची व नागपूरकडची वाहतूक जुन्या मुंबई राज्याच्या परिवहनात मिळून आजचे महामंडळ झाले. त्या मुंबई राज्याची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरास गेली होती, म्हणजे बसच्या बाबतीत मराठवाडा सोळा वर्षांनी पुढे होता. ही गोष्ट आमच्या भागातील माणसे थोड्या अभिमानाने सांगतात व तिकडची माणसे ऐकून घेत नाहीत. असो.

दरम्यान डिझेलचे युग आले होते. जमशेदपूर येथे १९५४ पासून टाटा व मर्सिडीज-बेंझ यांच्या सहकार्याने ट्रक तयार होऊ लागले. कापसाच्या गाठी व ज्वारीची पोती वाहण्यास तेच ट्रक खेडोपाडी गेले. त्यांच्यामागे गॅरेज आली आणि गॅरेजबरोबर तारांची मागणी आली. मोटारीच्या तारा आपल्याच राज्यात होऊ लागल्या, त्याची हकीकत पुण्याची आहे. १९५८ साली छाब्रिया बंधूंनी पुण्यात जो फिनोलेक्सचा उद्योग उभारला, त्याचा आरंभ मोटारींसाठी लागणाऱ्या पी.व्ही.सी. आवरणाच्या तारांनी झाला. ज्या पुण्यात कसबा पेठेची तांबट आळी पेशवाईपासून घणाच्या आवाजाने दुमदुमत होती, त्याच पुण्यात तांब्याच्या सळईची मैलोगणती तार होऊ लागली. आळीतले त्वष्टा कासार कोकणातून आले, छाब्रिया कराचीकडून आले. तांबे मात्र दोघांनाही बाहेरूनच आणावे लागे.

तांब्याच्या बाबतीत आपला देश कधीच संपन्न नव्हता. सिंहभूममधील घाटशिळेच्या खाणींवर इंडियन कॉपर कॉर्पोरेशनने मौभांडार येथे १९३० मध्ये भट्टी सुरू केली; तेथे पितळी पत्रेही लाटले जात. हा उद्योग १९७२ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई इतकी की १९४३ पासून पैशाला मधोमध भोक पाडण्यात आले. तो भोकाचा पैसा वृद्धांच्या आठवणीत आजही असेल. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना म्हणजे १९८९ मध्ये तळोजे येथे हिंदुस्तान कॉपरचा अखंड ओतीव सळईचा कारखाना सुरू झाला, ही होय. पूर्वी तांब्याचे ठोकळे ओतून, पुन्हा तापवून त्यांच्या सळया लाटीत. या नव्या पद्धतीत वितळलेले तांबे फिरत्या साच्यात पडते आणि दुसऱ्या टोकाने आठ मिलिमीटरची सळई सलग बाहेर येते. तीच पुढे जंत्रीत जाते. जंत्री आता हिऱ्याची किंवा तत्सम कठीण द्रव्याची असते एवढाच फरक. आठ मिलिमीटरच्या एक मीटर सळईपासून ०.३ मिलिमीटर जाडीची तार ओढली तर ती सातशे मीटरांहून अधिक भरते.

आणि बॅटरीची केबल अशाच केसासारख्या तारांची असते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जाड एकच सळई का घालू नये? इंजिन हलते, गाडी हादरते, सळई काही महिन्यांत कडक होऊन तुटेल. घण मारल्याने तांबे कडक होते तसेच ते हादऱ्याने आणि वारंवार वाकल्यानेही होते. म्हणून ७० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये ०.३ मिलिमीटरच्या सुमारे एक हजार तारा पीळ देऊन बसविलेल्या असतात. जुन्या काळी त्यांवर रबराचे आवरण असे, त्यावर सुती वीण व रोगण. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालीत आणि गंधक तांब्यास काळे करून खाई. यावर उपाय काय काढला? प्रत्येक तारेस कथलाचा मुलामा दिला. म्हणजे कल्हईच! कल्हईवाल्याचा ‘भांड्याला कल्हईऽ’ हा पुकारा गल्लीतून नाहीसा झाला तरी तिचे तत्त्व तारेत शिल्लक राहिले. पुढे पी.व्ही.सी. आले तेव्हा ही गरज उरली नाही. परंतु दमट हवेत वापरावयाच्या केबलींना आजही कथलाचा मुलामा देतात.

१९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टीलने घरातली तांब्याची भांडी माळ्यावर घातली व तेथून मोडीत काढली. ती घंगाळे, ते हंडे शुद्धीकरणाच्या टाकीतून जाऊन तारा झाले असणार. आपल्या समाजातील कितीतरी घरांत वडिलांचा घण थांबला आणि मुलगा शहरात गेला. काहींनी भांड्यांची दुकाने घातली, काही गॅरेजकडे वळले. गॅरेजकडे वळलेल्यांविषयी कोणी लिहिलेले नाही. केबलच्या टोकास जी चपटी टोपी बसवितात, जिला थिंबल म्हणतात, ती पूर्वी कथलाच्या डागानेच पक्की करीत. तांबे किती तापवावे, कथील केव्हा आत ओढले जाते, डाग वरवरचा बसला की मुरला, हे पुस्तकातून येत नाही. तांबटाच्या मुलास ते हातातच मिळालेले असते. आता थिंबल दाबयंत्राने दाबून बसवितात व ते अधिक चांगलेही आहे, कारण कथील तारांत वर चढले की तेवढा भाग ताठ होतो आणि नेमका तेथेच तुटतो. येथे जुनी रीत मागे पडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र दाबयंत्राऐवजी हातोडीने चेचलेली थिंबल पाहिली की जुना डाग बरा वाटतो.

आज या केबलची खरी कसोटी तिच्या शुद्धतेत आहे. तांबे महाग झाल्यापासून बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचे पातळ कवच चढविलेली तार आली. काही कामांसाठी ती उघडपणे व योग्य रीतीने वापरली जाते, त्याविषयी तक्रार नाही. परंतु तीच तार ‘शुद्ध तांबे’ म्हणून बॅटरीच्या केबलीत खपविली जाते, हा सरळ अप्रामाणिकपणा आहे. तिची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश. त्याहून साधी लबाडी म्हणजे आत तार बारीक आणि वर प्लास्टिक जाड. नवी असताना गाडी चालू होते, म्हणून कोणाला संशय येत नाही. पावसाळा गेला, टोकाशी ॲल्युमिनियमला ओल लागली, थिंबल सैल झाली, आणि मग नेमक्या नडीच्या रात्री सेल्फ उचलत नाही. हिमायतनगरहून नांदेडचे मोठे रुग्णालय ७० किलोमीटरहून अधिक दूर आहे. अडलेल्या बाईला, सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला घेऊन निघालेली जीप अंगणात धक्का मारून चालू करावी लागणे म्हणजे काय, हे त्या घरच्यांनाच विचारावे. तेथे पावणेतीन व्होल्टांचा हिशोब माणसाच्या जिवाशी येऊन भिडतो.

ज्यांच्या वाडवडिलांनी हातात भांडे घेऊन त्याचे तांबे किती चोख हे सांगितले, त्यांच्या मुलांस ही परीक्षा अवघड जाऊ नये. पहिली परीक्षा वजनाची. ७० चौरस मिलिमीटरच्या एक मीटर केबलीतील निव्वळ तांबे सव्वासहाशे ग्रॅम भरते. कवचाची तार त्याच्या निम्म्याहूनही हलकी. दुसरी कानशीची. एक तार काढून तिचा छेद घासून पाहावा. वर तांबडे आणि आत पांढरे दिसले तर ते ॲल्युमिनियम. वर पांढरे आणि आत तांबडे दिसले तर ते कल्हई केलेले तांबे, आणि ते उत्तम. वरवर पाहणारा गिऱ्हाईक नेमके उलट समजतो व पांढरी तार दुकानदारास परत करतो.

राहिली निगा. बॅटरीच्या टोकाशी आम्लाच्या वाफेने जो हिरवट-निळा थर चढतो तो शेतकऱ्याच्या ओळखीचा मोरचूदच. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने तो धुवावा, टोक कोरडे करून घासावे, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलिनचा हात द्यावा. बॅटरीकडून सेल्फकडे जाणारी केबल नवी घालून इंजिनापासून चॅसीस जोडणारी वेणीसारखी तांब्याची पट्टी तशीच गंजकी ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडावी. वीज ज्या वाटेने जाते त्याच मानाने तिला परतही यावयाचे असते, आणि ती पट्टी बहुधा गाडीखाली चिखलात माखलेली, अर्ध्या तारा तुटलेली सापडते.